देवाच्या वादात विश्वाला साक्षीला बोलावू नका

हा वाद घराघरांत होतो. गणपतीत सगळे जमले की होतो, वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर होतो, आणि हल्ली तर मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर बारा महिने चालू असतो. इंजिनिअरिंगला गेलेला पुतण्या म्हणतो, "सगळं बिग बँगनं झालंय काका, तुमचा देव कुठं आला त्यात?" काका म्हणतात, "बरं, मग तो बिग बँग कुणी केला रे?" पुतण्या म्हणतो, "आणि देवाला कुणी केलं?" इथवर आलं की आवाज चढतात. आतून कुणीतरी चहा झाल्याची हाक मारतं आणि दोघंही, आपणच जिंकलो असं मनाशी धरून, उठतात. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा त्याच स्टेशनात उभी.

मी स्वतः देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुठल्या बाजूची याबद्दल कुणाला शंका नको. पण माझी विनंती दोन्ही बाजूंना आहे. वाद घाला, जरूर घाला. ज्या घरात देवाधर्माबद्दल प्रश्न विचारायची चोरी असते, त्या घरात मुलं मनातलं लपवायला शिकतात. फक्त एक पथ्य पाळा. विश्व कसं सुरू झालं या प्रश्नाला, देव आहे किंवा नाही याचा साक्षीदार म्हणून उभं करू नका. हा साक्षीदार कुणाच्याच बाजूनं टिकत नाही. विसाव्या शतकात मोठमोठ्यांनी त्याला उभं करून पाहिलं, आणि त्या सगळ्या हकिकतीत आपला एक कोल्हापूरचा माणूसही होता. ती हकिकत काका आणि पुतण्या दोघांनी नीट ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. युद्ध संपल्यावर गणित शिकले, १९२३ साली दीक्षा घेतली आणि पुढे लूव्हेनच्या विद्यापीठात शिकवू लागले. आइनस्टाइनच्या समीकरणांवरून १९२७ साली त्यांनी मांडलं की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे, आणि दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला दिसतो तो त्यामुळेच. खुद्द आइनस्टाइनना ते तेव्हा रुचलं नाही. गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र म्हणून हे पटत नाही, अशा अर्थाचं ते लमेत्रना तोंडावर म्हणाले. दोन वर्षांनी, १९२९ साली, अमेरिकेत एडविन हबलनी दीर्घिकांची अंतरं आणि वेग यांचा मेळ घालून दाखवला: जितकी दीर्घिका दूर, तितकी ती वेगानं आपल्यापासून लांब जाते. मग लमेत्र आणखी एक पाऊल मागे गेले. आज जे पसरतंय ते पूर्वी जवळ असणार, त्याहून पूर्वी आणखी जवळ. १९३१ साली त्यांनी लिहिलं की सगळ्याची सुरुवात एका 'आद्य अणू'पासून झाली असावी. बिग बँगच्या कल्पनेचं मूळ हे.

धर्मगुरूच्या झग्यातला माणूस विश्वाला आरंभ होता म्हणतो म्हटल्यावर अनेकांच्या मनात पाल चुकचुकली. बायबलमधली उत्पत्ती हा गणिताच्या वेष्टनात घालून आणतोय की काय? इंग्लंडचे फ्रेड हॉईल हे असं वाटणाऱ्यांतले. ते निरीश्वरवादी होते. आरंभाची कल्पना त्यांना धर्माच्या वळणाची वाटायची आणि ते तसं उघड बोलायचे. १९४८ साली त्यांनी, आणि त्याच सुमाराला बाँडी आणि गोल्ड या दोघांनी, वेगळं चित्र मांडलं. विश्व पसरतं, पण विरळ होत नाही, कारण जागोजागी अगदी हळूहळू नवं द्रव्य तयार होत राहतं. त्याला आदी नाही, अंत नाही, आणि ते कुठल्याही काळी पाहिलं तरी मोठ्या मापात सारखंच दिसेल. हाच स्थिर-स्थितीचा सिद्धांत. मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना विरुद्ध बाजूच्या कल्पनेला हॉईलनी जे नाव दिलं ते 'बिग बँग'. आज शाळकरी पोरसुद्धा ते नाव घेतं, पण ते त्या कल्पनेच्या विरोधकानं ठेवलेलं आहे.

म्हणजे त्या काळी धर्मगुरू बिग बँगच्या बाजूनं होता आणि नास्तिक त्याच्या विरुद्ध. आपल्या पुतण्याला हे ऐकून आश्चर्य वाटेल आणि काकांना कदाचित आनंद होईल. काकांनी जरा थांबावं.

नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोममध्ये धर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. आधुनिक विज्ञान मागे मागे जात विश्वाच्या आरंभापाशी पोहोचलं आहे आणि तिथे निर्मात्याची साक्ष मिळते, असा त्या भाषणाचा रोख होता. या भाषणानं सर्वांत जास्त अस्वस्थ कोण झालं असेल, तर लमेत्र! ते स्वतः त्या अकादमीचे सदस्य होते, रोज प्रार्थना करणारे होते, पोप त्यांच्याच कल्पनेला उचलून धरत होते. तरीही त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांच्या साथीनं आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५२ मध्ये, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

लमेत्र असं का वागले? त्यांचं म्हणणं साधं होतं. आद्य अणू हा भौतिकशास्त्रातला विचार आहे. तो निरीक्षणांनी टिकेल किंवा पडेल. धर्माच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, आणि देव नाकारणाऱ्या माणसाला हा सिद्धांत मान्य करूनही देव नाकारण्याची पूर्ण मोकळीक आहे, असं त्यांनी पुढे स्पष्ट लिहून ठेवलं. ज्याची श्रद्धा पक्की आहे त्याला दुर्बिणीचा टेकू लागत नाही. मी श्रद्धावान नाही, पण या माणसाबद्दल मला अतोनात आदर वाटतो. हातात आलेलं, सगळ्यांना दिपवून टाकेल असं हत्यार त्यानं खाली ठेवलं, कारण ते हत्यार त्या लढाईचं नव्हतं.

आता निकाल कसा लागला ते पाहा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होल्मडेल इथं बेल कंपनीची एक मोठी कर्ण्याच्या आकाराची अँटेना होती. १९६४ साली आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघं ती घेऊन आकाशातल्या रेडिओलहरी मोजत होते. अँटेना कुठंही वळवा, दिवस असो वा रात्र, एक बारीक खरखर कायम येत होती. तारा तपासल्या, सांधे पट्टीनं बंद केले. कर्ण्याच्या आत कबुतरांच्या जोडीनं घरटं केलं होतं आणि विष्ठेचा पांढरा थर बसला होता, तो खरवडून काढला. खरखर गेली नाही. मग जवळच्याच प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांकडून त्यांना कळलं की तप्त आरंभातून उरलेली ऊब आजही आकाशभर असायला हवी, आणि ते लोक तीच शोधायच्या तयारीत होते. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर, अशी ती ऊब. १९६५ साली दोन्ही गटांचे लेख छापून आले. यातले विल्सन एके काळी हॉईल यांच्याकडून विश्वशास्त्र शिकले होते आणि स्थिर-स्थितीचा सिद्धांत त्यांना आवडायचा. अँटेनानं त्यांची आवड विचारली नाही. लमेत्रना ही बातमी त्यांच्या अखेरच्या आजारपणात कळली. जून १९६६ मध्ये ते गेले.

स्थिर-स्थितीचा सिद्धांत त्यानंतर मागे पडला. पण म्हणून हॉईल यांना मोडीत काढायचं? आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात कसा शिजतो हे ओळखणारा माणूस हाच. कार्बनच्या अणुकेंद्रात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर आपण इथं नसतो, असं त्यांनी १९५३ साली सांगितलं, आणि प्रयोगशाळेत ती पातळी सापडली. हाच नास्तिक म्हातारपणी म्हणू लागला की ही जुळणी पाहता निसर्गनियमांमागे एखादी बुद्धी असावीसं वाटतं. एकाच माणसाच्या आयुष्यात इतकं सगळं. 'नास्तिक म्हणजे असा' आणि 'आस्तिक म्हणजे तसा' अशी चिठ्ठी डकवायची घाई करणाऱ्यांनी या माणसाकडे एकदा पाहावं.

आणि कोल्हापूरचा माणूस म्हणजे जयंत नारळीकर. केंब्रिजला ते हॉईल यांचे विद्यार्थी. गुरुशिष्यांनी मिळून १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला तेव्हा नारळीकर पंचविशीत होते आणि भारतभर त्यांचं नाव झालं. १९७२ साली ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, पुढे १९८८ साली पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची स्थापना झाली ती त्यांच्या पुढाकारानं. मे २०२५ मध्ये ते गेले, तोवर बिग बँग त्यांना पुरता पटला नाही. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर-स्थितीचं सुधारलेलं रूप मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. माझ्या मते पुराव्याचं पारडं बिग बँगकडेच झुकलेलं आहे. पण नारळीकर नुसतं 'मला पटत नाही' म्हणून थांबले नाहीत. माझं बरोबर असेल तर आकाशात अमुक दिसायला हवं, असं ते मांडायचे आणि तपासा म्हणायचे. आणि बिग बँग न मानणारा हाच माणूस फलज्योतिषाविरुद्ध, अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर उभा राहिला. तेव्हा पुतण्यांनो, बिग बँगवर शंका घेणारा प्रत्येक जण देवभोळा असतो हे डोक्यातून काढा. काकांनो, नारळीकरांनी शंका घेतली म्हणजे पुराण खरं ठरलं, असंही म्हणू नका. दोन्ही मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय.

आज खात्रीनं काय सांगता येतं, तेही थोडक्यात सांगते, कारण वादात ते कुणालाच धड माहीत नसतं. विश्व पसरतंय. एके काळी ते अतिशय दाट आणि तप्त होतं. त्या अवस्थेला सुमारे १३८० कोटी वर्षं झाली. पहिल्या काही मिनिटांत हेलियम तयार झाला. तो सामान्य द्रव्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा असावा असं गणित सांगतं, आणि मोजल्यावर तेवढाच निघतो. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. होल्मडेलची खरखर ती त्याच प्रकाशाची. हा कुठल्याशा कोपऱ्यात झालेला फटाक्यासारखा स्फोट नव्हता. सगळीकडचं अवकाशच ताणलं गेलं. आणि त्या पहिल्या क्षणाच्या अगदी टोकाशी गेलं की आपली समीकरणं चालेनाशी होतात, कारण गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना एकत्र नांदवणारा सिद्धांत अजून कुणाच्या हाती नाही. विश्व किती वेगानं पसरतंय याचं उत्तरसुद्धा खगोलशास्त्रज्ञांच्या मापात एका पद्धतीनं ६७च्या आसपास येतं आणि दुसऱ्या पद्धतीनं ७३च्या, आणि हा फरक का पडतो यावर शास्त्रज्ञ आजही भांडताहेत.

ही भांडणं पाहून काका म्हणतात, "विज्ञान रोज बदलतं, त्याचा काय भरवसा?" काका, भरवसा त्यामुळेच आहे. स्थिर-स्थितीचा सिद्धांत हरला, कारण त्यानं हरण्याची जोखीम पत्करली होती. आकाश असं असं दिसेल, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. काहीही दिसलं तरी खराच ठरणारा सिद्धांत तुम्हाला जगाबद्दल काहीच सांगत नसतो.

'हे सगळं आपल्याकडे आधीच माहीत होतं' या फॉरवर्डबद्दलही सांगायला हवं, कारण तो दर चार दिवसांनी येतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं, आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, बघा किती जवळ! आकडे खरे आहेत. पण मग पूर्ण हिशेब करा. पूजेच्या संकल्पात गुरुजी आपल्याकडून वदवून घेतात की ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा पूर्वार्ध संपून उत्तरार्ध चालू आहे. पौराणिक मोजणीनं तो पूर्वार्धच दीडशे लाख कोटी वर्षांहून मोठा भरतो. १३८० कोटींशी त्याचा काही मेळ नाही. जुळला तो आकडा दाखवायचा आणि जुळला नाही तो झाकायचा, हा हिशेब किराणा दुकानदाराच्या वहीतही चालत नाही. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलं, ते उल्केतल्या शिशाचे समस्थानिक वर्षानुवर्षं मोजून. हवेतल्या शिशानं मोजमाप बिघडू नये म्हणून त्यांनी आपली प्रयोगशाळा घासूनपुसून लख्ख केली, त्यातून पेट्रोलमधलं शिसं किती पसरलंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी त्याविरुद्ध लढण्यात घातलं. आकड्यामागे अशी मेहनत असते.

पूर्वजांचा मला अभिमान नाही असं कुणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. सृष्टी कुठून आली, असं ते विचारतं आणि शेवटी, वरून पाहणाऱ्या अध्यक्षालाही हे ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेवर थांबतं. इतक्या जुन्या काळी कुणीतरी एवढं धाडस केलं. त्या सूक्तात बिग बँग कोंबणारे त्याचं मोठेपण घालवतात. ते प्रश्न करतंय आणि आपण त्याच्या तोंडी उत्तर घालतो. वेदांना सर्वोच्च प्रमाण मानणारे कुमारिल भट्टांसारखे मीमांसक सृष्टिकर्ता ईश्वर मानत नव्हते. नवव्या शतकात, आपल्या मुलखावर राष्ट्रकूटांचं राज्य असताना, जिनसेन या जैन आचार्यांनी सरळ विचारलं की सृष्टी करण्याआधी हा कर्ता होता कुठं आणि त्यानं ती कशापासून केली? पुढे उदयनाचार्यांनी ईश्वराच्या बाजूनं अख्खा ग्रंथ लिहिला, 'न्यायकुसुमांजली'. म्हणजे काका-पुतण्याचा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी रंगलेला आहे, आणि फार वरच्या पातळीवर. तेव्हा 'देव मानत नाही तो पाश्चात्त्यांच्या नादी लागला' हे म्हणणं सोडून द्या.

त्या लोकांची एक रीत आपण उचलावी. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि तेही पूर्ण ताकदीनं. पुतण्यानं आधी काकांची बाजू अशी मांडावी की काका म्हणतील, "हां, हेच म्हणायचंय मला." मग खंडन. घरात एकदा करून पाहा. अर्धं भांडण तिथंच गळून पडतं, कारण काका जे म्हणतच नव्हते त्याच्याशीच पुतण्या इतका वेळ लढत होता, हे दोघांनाही कळतं.

आता माझ्या बाजूच्यांना दोन शब्द, जरा कडक. देव न मानणं ही विज्ञानातली पदवी नव्हे. स्टीफन हॉकिंग यांनी २०१०च्या पुस्तकात विश्वाला निर्मात्याची गरज नाही असं लिहिलं, ते त्यांचं मत होतं. ते कुठल्या दुर्बिणीला दिसलेलं नाही. शून्यातून विश्व आलं असं ठोकून देताना, भौतिकशास्त्रातली निर्वात पोकळी म्हणजे 'काहीच नाही' असं नसतं, तिला नियम असतात, ऊर्जा असते, हे लक्षात ठेवा. आणि तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या आजीला बिग बँग ऐकवून तुम्ही काय मिळवता? ती दिवा विश्वाच्या उत्पत्तीसाठी लावत नाही. तिच्या दिव्याशी तुमचं भांडण नाही. असलंच तर विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्यांशी आहे. तिथं बोला.

वादाला बसण्याआधी प्रत्येकानं स्वतःला एक प्रश्न विचारावा, असं मला कळकळीनं वाटतं. उद्या विश्वाबद्दल नेमकं उलट सिद्ध झालं, तर माझं मत बदलेल का? माझंच सांगते. विश्वाला आरंभ होता असं ठरलं तरी मी देव मानणार नाही, आणि ते अनादी ठरलं तरी नाही. निरपराध लेकरं दुखण्यानं मरतात आणि वर कुणी दयाळू बसलेला आहे हे मला मानता येत नाही. माझं न मानणं या जागेवर उभं आहे. मग ज्यानं माझं स्वतःचं मत हलत नाही, ते मी समोरच्याच्या अंगावर कशाला फेकू? काकांचंही तेच आहे. उद्या नारळीकर बरोबर ठरले आणि आरंभ नव्हताच असं निघालं, तर काका वारी सोडतील? मुळीच नाही. त्यांचा विठोबा १३८० कोटी वर्षांच्या हिशेबातून आलेला नाही. धाकटा भाऊ गेला तेव्हा ज्या अभंगानं त्यांना सावरलं त्यातून आलेला आहे. मग बोलायचं असेल तर त्याबद्दल बोला. मी का मानतो, मी का मानत नाही, हे दोघांनी खरंखुरं सांगितलं तर वादाला अर्थ येतो. बरेचदा डोळ्यांत पाणीही येतं, आणि त्यात वाईट काही नाही.

लहान मुलं विचारतात तेव्हाही हेच. "आई, सगळ्याच्या आधी काय होतं?" सात वर्षांचं पोर विचारतं, आणि आपण एकतर देवबाप्पा सांगून मोकळे होतो किंवा बिग बँग सांगून मोकळे होतो. दोन्हीत प्रश्न मारला जातो. त्यापेक्षा सांगा: इतक्या वर्षांपूर्वीपर्यंतचं माणसानं मोजून काढलंय, त्याच्या मागचं अजून कुणालाच कळलेलं नाही, आजीला असं वाटतं, मला असं वाटतं. मोजलेलं कुठलं आणि वाटणारं कुठलं हे पोराला वेगळं कळू द्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पुण्यात आयुकाचं दार सगळ्यांसाठी उघडं असतं, जमलं तर घेऊन जा.

असा वाद कसा घालावा याचा नमुना आपल्याकडेच आहे. अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या दोघांनी महाराष्ट्रात गावोगाव 'विवेक जागराचा वाद-संवाद' असा कार्यक्रम केला होता. लागूंचं म्हणणं, देव ही कल्पनाच माणसानं आता निवृत्त करावी. दाभोलकर स्वतः देव न मानणारे, पण त्यांचं म्हणणं, चळवळीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. श्रद्धाळू माणूसही या कामात आपला सोबती आहे. दोघं जिवलग मित्र, एकाच मंचावर, हजारो लोकांपुढे मतभेद मांडायचे. मला दाभोलकरांचं म्हणणं जास्त पटतं.

त्यांचं काम कसं होतं याचं एक उदाहरण. २००८ साली नारळीकर, दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुण्यातले संख्याशास्त्रज्ञ यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगायचं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आली असती. या चाचणीत कुणी देवाला नाव ठेवलं नाही, कुणाच्या पूजेत हात घातला नाही. पण पत्रिका जुळत नाही म्हणून मोडलेली लग्नं आणि शांतीसाठी काढलेली कर्जं आठवा, म्हणजे ती कशासाठी होती हे कळेल.

२० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांना पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. समाजसुधारक आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या शहरात सव्वाशे वर्षांनी हे घडलं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. या कायद्यात देव आहे की नाही याबद्दल एक अक्षर नाही. उपासना, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारहाण करणं, अंगात आल्याचं सांगून भीती घालणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडे देणं, हे गुन्हे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, जामीन सहज मिळत नाही.

काका, पुतण्या, तुम्हा दोघांकडे माझं मागणं आहे ते इथं. विश्वाचा आरंभ तुमच्या हातात नाही, पण शेजारच्या वाडीत साप चावलेल्या बाईला मांत्रिकाच्या दारात निजवून ठेवलंय हे कळलं, तर ते तुमच्या हातात आहे. १०८ला फोन करा, तिला गाडीत घाला, दवाखान्यात पोहोचवा. मग पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला दोघंही जा. काकांनी गळ्यातली माळ काढून जाऊ नये. तिथं ती माळ पुतण्याच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तक्रारीत काय झालं तेवढंच लिहा: बाईचं वय, चावल्याची वेळ, किती तास अडवलं, कुणी अडवलं, किती पैसे घेतले. खाली दोघांच्या सह्या.